रॉड हलतो, पण कुठल्या बाजूला?

सिलिंडर उतरवून बाकावर ठेवलेलं इंजिन थोडं केविलवाणं दिसतं. क्रँककेसच्या तोंडातून कनेक्टिंग रॉड एकटाच वर आलेला असतो, पिस्टन काढलेला, टोकाला रिकामं भोक. समोरचा माणूस मेकॅनिक असो की नसो, हात आपोआप तिकडे जातो. तो रॉडचं टोक दोन बोटांत धरतो आणि डावी-उजवीकडे हलवून बघतो. रॉड हलतो, चांगला हलतो आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. ‘रॉड गेला’ असा निकाल तिथल्या तिथे लागतो.

एका लुनाच्या इंजिनाबाबत मीही हेच केलं होतं. क्रँक पिशवीत घालून लेथवाल्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी रॉड एकदा वर ओढला, एकदा खाली दाबला आणि क्रँक परत माझ्या हातात दिला.

“काय झालंय याला?”

“हलतोय की, मेस्त्री.”

“हलणारच. नाही हलला तर जळेल, बाबा.”

एवढं बोलून ते पुन्हा लेथकडे वळले. त्या वाक्याचा अर्थ पुरता उमगायला मला आणखी दोन-तीन इंजिनं खोलावी लागली. कनेक्टिंग रॉडचा काही ढिलेपणा कारखान्यात मोजून ठेवलेला असतो आणि काही झिजून आलेला असतो. बोटांना दोन्ही सारखेच वाटतात. त्यांच्यातला फरक ओळखता येणं म्हणजेच रॉड तपासता येणं. हे एटीव्हीच्या इंजिनावर समजून घेणं सोपं जातं, कारण तिथे झीज लवकर होते आणि इंजिन खोलायची वेळही लवकर येते.

एटीव्ही म्हणजे फुगीर टायरांची, हँडलवर चालणारी उघडी चारचाकी. अलिबागजवळ नागावला किंवा पुढे काशीदला वाळूत पर्यटकांना चक्कर मारून आणतात, ती. तिचा जन्म मात्र तीन चाकांवर झाला. हिवाळ्यात मोटरसायकलींचा खप थंडावतो, तेव्हा विकायला काहीतरी द्या, अशी अमेरिकेतल्या दुकानदारांची मागणी होती. त्यातून होंडाने १९७० साली ‘यूएस ९०’ ही तीनचाकी आणली. या गाड्या उलटून इतके अपघात झाले, की तिथल्या ग्राहक-सुरक्षा आयोगाशी झालेल्या समझोत्यानंतर १९८८ मध्ये कंपन्यांनी नव्या तीनचाकी विकणं थांबवलं. तोवर सुझुकीची ‘क्वाडरनर’ चार चाकांवर बाजारात येऊन काही वर्षं झाली होती.

या गाड्यांचं इंजिन बहुधा मोटरसायकलीच्याच घराण्यातलं असतं, पण नशीब ट्रॅक्टरचं. वेग कमी म्हणून वारा लागत नाही, वजन जास्त, टायर वाळूत रुततात म्हणून फेरे सतत चढलेले, आणि भोवती धूळ, चिखल, पाणी. अमेरिकेत शेतावर किंवा डोंगरात गाडी पिदडायची आणि हिवाळ्यात घरामागच्या शेडमध्ये स्वतःच इंजिन खोलायचं, ही अनेक मालकांची रीतच आहे.

आता क्रँककडे वळू. मोटारीच्या इंजिनात क्रँकशाफ्ट अखंड असतो आणि रॉडचं खालचं टोक दोन तुकड्यांत, बोल्टने आवळलेलं. मधे गुळगुळीत शेल बेअरिंग आणि त्यात दाबाने आलेलं ऑइल. मोटरसायकली-एटीव्हींच्या बहुतेक एक-सिलिंडर इंजिनांत हे नेमकं उलटं असतं. रॉड अखंड आणि क्रँक तुकड्यांचा. दोन जाड चकत्या, त्यांना मेकॅनिक वेब म्हणतात, मधे क्रँकपिन, पिनभोवती सुईसारख्या बारीक रोलरांचं बेअरिंग आणि त्यावर रॉडचं मोठं टोक. या सुयांना धावायला सलग आणि कडक पृष्ठभाग लागतो. तुकड्यांच्या रॉडमध्ये सांधा आला, की प्रत्येक सुई तिथे ठेचकाळेल. म्हणून रॉड अखंड ठेवतात आणि पिन प्रेसखाली चकत्यांत दाबून बसवतात. पिन भोकापेक्षा किंचित जाड असते, त्या घट्टपणावरच सगळा जोड टिकतो. तिथे बोल्ट नाही, चावीही नाही. आपल्याकडची यामाहा आरएक्स १००, बजाजची जुनी चेतक, स्प्लेंडर, सगळ्यांची घडण हीच. जुन्या लोखंडी इंजिनाची बुलेट तेवढी वेगळी. तिच्या मोठ्या टोकात रोलरांऐवजी फ्लोटिंग बुश असे, म्हणून इथले आकडे तिला लावू नयेत.

सुयांचं बेअरिंग वापरण्याचं आणखी एक कारण आहे. त्याला दाबाखालचं ऑइल लागत नाही, नुसतं शिंपडलेलं पुरतं. टू-स्ट्रोकमध्ये तर पेट्रोलबरोबर येणारे ऑइलचे बारीक थेंब एवढंच काय ते वंगण. पण ते सुयांपर्यंत पोचायला वाट हवी ना? ती वाट म्हणजे रॉडच्या दोन्ही बाजूंना, वेबपाशी ठेवलेली फट. मेस्त्रींचं ‘नाही हलला तर जळेल’ ते हेच. या फटीचं कारण विचारलं, की ‘लोखंड तापून फुगतं म्हणून’ असं ठोकून देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पण १६ मिमी रुंदीचं पोलाद १०० अंशांनी तापलं तरी वाढतं जेमतेम ०.०२ मिमी. फट त्याच्या कितीतरी पट असते. ती आहे ऑइलसाठी, आणि रॉडला सिलिंडरच्या रेषेत स्वतःची जागा शोधता यावी म्हणून.

ही बाजूची फट मोजायला फिलर गेज पुरतो. रॉड एका वेबला चिकटवायचा आणि दुसऱ्या बाजूच्या फटीत पात्या घालून बघायच्या. किंचित अडकत, पण जोर न लावता सरकेल ती पाती म्हणजे आपला आकडा. होंडाच्या अनेक फोर-स्ट्रोक इंजिनांत नवेपणी ही फट ०.०५ ते ०.६५ मिमीच्या दरम्यान चालते आणि ०.८० मिमीपर्यंत खपवून घेतात. सुझुकीच्या कित्येक इंजिनांत मर्यादा १ मिमीची आहे. म्हणजे रॉड पाऊण मिमी इकडून तिकडे सरकला तरी तो निर्दोष असू शकतो. काही टू-स्ट्रोक इंजिनांत रॉडला मधोमध ठेवायचं काम खालच्या टोकाऐवजी वरच्या टोकाच्या वॉशरांकडे दिलेलं असतं. तिथे खालची फट याहूनही मोठी दिसते आणि नवशिक्याची झोप उडवते. आपल्या मॉडेलचं मॅन्युअल समोर ठेवल्याशिवाय फिलर गेजला हात लावण्यात अर्थ नाही.

वरचं टोक डुलतं, ते प्रकरण जास्त मजेचं. खालचं टोक जागेवर, पण रॉड घड्याळाच्या लंबकासारखा क्रँकच्या अक्षाच्या दिशेने कलतो. यात सरकणं आहेच, शिवाय खालच्या बेअरिंगमधली सूक्ष्म फट रॉडच्या लांबीमुळे वर मोठी होऊन दिसते. थोडा हिशेब करून बघा. रॉड ११० मिमी लांब आणि खालचं टोक १६ मिमी रुंद धरलं, तर खाली असलेली फट वरच्या टोकाला, दोन्ही बाजूंचं कलणं मिळून, जवळजवळ चौदा पट होते. नव्या बेअरिंगमध्ये ०.०२ मिमी फट असली तर वरचं डुलणं सुमारे ०.२८ मिमी. त्यात अर्धा मिमी सरकणं मिसळा, झाले पाऊण-एक मिमी. आता तीच फट झिजून ०.१ मिमी झाली असं धरा. डुलणं १.४ मिमीच्या घरात जातं आणि सरकणं धरून दोनच्या जवळ. यामाहाच्या टू-स्ट्रोक मॅन्युअलांत वरच्या टोकाच्या डुलण्याची मर्यादा २ मिमी दिलेली आढळते, तिचा उगम या भूमितीत दिसतो. सुझुकी काही इंजिनांना ३ मिमीपर्यंत सूट देते. रॉडची लांबी, टोकाची रुंदी आणि बाजूची फट बदलली, की आकडा बदलणारच.

म्हणजे बोटांत धरून बाजूला हलवून बघण्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. फक्त ते मोजावं लागतं, डायल गेज लावून, आणि त्यात सरकणं मिसळलेलं आहे हे लक्षात ठेवून. नुसत्या नजरेने नव्या रॉडचा एक मिमी आणि गेलेल्या रॉडचे दोन मिमी यांतला फरक सांगणारे उस्ताद आहेत, पण ते दर आठवड्याला चार क्रँक हाताळतात.

आता वर-खालचा प्ले, म्हणजे ढिलेपणा. खरी भीती याची, कारण हाताला जाणवेल एवढी फट इथे कुणी ठेवलेली नसते. नव्या बेअरिंगमध्ये ही फट मिमीच्या शंभराव्या भागात मोजतात. होंडाच्या अनेक इंजिनांत फेकून देण्याची मर्यादा ०.०५ मिमी आहे, म्हणजे माणसाच्या बारीक केसाएवढी. इतकी कडक मर्यादा कशासाठी, ते बळांचा अंदाज घेतला की कळतं. होंडाच्या टीआरएक्स ४०० ईएक्स या एटीव्हीचा बोअर ८५ मिमी आणि स्ट्रोक ७० मिमी. मिनिटाला ७,००० फेऱ्यांवर पिस्टन वरच्या टोकाला जाऊन उलटा फिरतो, तेव्हा त्याचं त्वरण गुरुत्वाच्या अडीच हजार पटींच्या आसपास भरतं. रिंगा-पिनसह ३०० ग्रॅमचा पिस्टन धरला, तर त्याला मागे खेचायला रॉडला ७०० किलोंच्या वर ओढ द्यावी लागते. स्फोटाच्या वेळी गॅसचा दाब पिस्टनला खाली ढकलतो, त्यामुळे ही ओढ झाकली जाते. पण एक्झॉस्टच्या शेवटी वर काहीच नसतं, पिस्टन मोकळा वर उडू पाहतो आणि सगळा भार रॉडवर आणि त्या सुयांवर येतो. फोर-स्ट्रोकमध्ये रॉड असा एकदा ओढला जातो, एकदा दाबला जातो, सेकंदाला शंभराहून अधिक फेऱ्यांच्या चालीने. मधे केसभर फट पडली, की ते ओढणं-दाबणं राहत नाही, हातोडीचे घाव होतात. सुया आणि पिन ठेचत जातात, फट वाढते, घाव आणखी जोरात बसतात. म्हणूनच वाजायला लागलेला रॉड महिनोन्‌महिने तसाच वाजत राहत नाही. शेवटी तो तुटतो आणि बरेचदा क्रँककेसला भोक पाडून बाहेर डोकावतो.

तपासायचं कसं? पिस्टन काढण्याआधी क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ सुती फडकं कोंबा. पिस्टन रॉडला जोडणाऱ्या गजन पिनचं सर्क्लिप उडून आत पडलं, की पुढचे दोन तास चुंबक घेऊन मासेमारी करावी लागते. हे मी केलंय, सांगण्यासारखी हौस नाही. पिस्टन निघाला, की खालचं टोक रॉकेलने धुऊन कोरडं करा. जाड ऑइलचा थर प्ले लपवतो, झिजलेला रॉडही ऑइलात मऊ आणि घट्ट वाटतो. पण धुतल्यावर कॉम्प्रेसरची हवा मारून बेअरिंग गरगर फिरवण्याचा मोह आवरा. कोरड्या सुया तशा फिरवल्या, तर तपासता तपासताच त्यांना ओरखडे पडतात.

क्रँक फिरवून रॉड सर्वांत वर आणा. फडकं जरा बाजूला सारून एका हाताचं बोट रॉड आणि वेब यांच्या सांध्यावर ठेवा. दुसऱ्या हाताने रॉड सरळ वर ओढा, सरळ खाली दाबा. तिरपा जाऊ देऊ नका, नाहीतर डुलणं मधे येतं आणि भलताच भास होतो. बोटाखाली ‘टक्’ असं काही जाणवता कामा नये, अगदी बारीकही. या बाबतीत मी सूट देत नाही. हाताला कळेल इतका वर-खाली प्ले म्हणजे मर्यादा बहुधा ओलांडलेली आहे. एकाच जागी बघून थांबू नका. क्रँक पाव-पाव फेरा फिरवत चारही ठिकाणी हाच प्रयोग करा, कारण पिन सगळ्या बाजूंनी सारखी झिजत नाही. आकडा हवा असेल, तर क्रँक बाहेर काढून व्ही-ब्लॉकवर ठेवायचा, डायल गेजचं टोक रॉडच्या मोठ्या टोकावर टेकवायचं आणि एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी मोजायचं.

इथे एक फसगत होते. क्रँककेस जोडलेली असताना रॉड ओढला आणि ‘टक्’ जाणवलं, तर ते रॉडचं असेलच असं नाही. क्रँकची मुख्य बॉल बेअरिंगं अनेकदा ‘सी३’ जातीची, म्हणजे मुद्दाम थोडी मोकळी घेतलेली असतात, आणि आख्खा क्रँकच वर-खाली होतो. म्हणूनच ते बोट सांध्यावर. वेब आणि रॉड एकत्र हलले तर दोष मुख्य बेअरिंगकडे, वेब स्थिर राहून रॉड एकटा हलला तर रॉडकडे. वरच्या टोकाची गोष्टही वेगळी तपासायची. नवी गजन पिन ऑइल लावून घाला. ती आपल्या वजनाने सरकावी, पण डगमगू नये.

बोटांना आणखी एक गोष्ट कळते आणि ती कुठल्याच गेजला कळत नाही. रॉड हलकेच गोल फिरवा. लोण्यासारखा फिरला तर ठीक. मधेच खरखर, अडखळ जाणवली, तर प्ले शून्य असला तरी बेअरिंग गेलेलं आहे. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हे नेहमी सापडतं. क्रँककेसच्या तळाला ओल साचते, पिनवर गंजाचे ठिपके पडतात आणि पहिल्या लांबच्या फेरीत त्या ठिपक्यांचे खड्डे होतात. रॉडचं खालचं टोक निळसर पडलं असेल, तर ते कधीतरी ऑइलविना तापलेलं आहे. असा रॉड मोजतही बसू नये.

एटीव्हीचे दोन शत्रू म्हणजे वाळू आणि पाणी. वाळूतलं क्वार्ट्झ बेअरिंगच्या कडक पोलादाहूनही कठीण. फोर-स्ट्रोकमध्ये ते एअर फिल्टरमधून सुटलं, तर आधी सिलिंडर आणि रिंगा खातं, मग ऑइलमध्ये उतरतं. टू-स्ट्रोकमध्ये मधला टप्पाच नाही, कारण आत ओढलेली हवा क्रँककेसमधूनच पुढे जाते. १९८७ ची यामाहा बॅन्शी, दोन सिलिंडरांची टू-स्ट्रोक, वाळूच्या टेकड्यांवर पळवणाऱ्यांची लाडकी. तिच्या फिल्टरची जोडणी सैल राहिली, की धूळ थेट मोठ्या टोकाच्या सुयांवर. पाण्याचं काम निराळं. ओढा ओलांडताना इंजिनाने पाणी ओढलं आणि पिस्टन वर आला, तर पाणी दबत नाही, रॉड वाकतो. हे वाकणं कधी कधी डोळ्यांना दिसत नाही. पिस्टनवर बघा. एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली घासल्याच्या खुणा असतील, तर प्ले कितीही चांगला असला तरी रॉड सरळ नाही.

रॉड गेलाच, तर रॉड किट येतं. त्यात रॉड, पिन, सुयांचं बेअरिंग आणि वॉशर असतात. क्रँककेस फोडून क्रँक काढायचा, प्रेसवर पिन दाबून काढायची, नवी बसवायची. पिन दाबून बसवणं हे निम्मंच काम आहे. दोन चकत्या पिनवर केसभर तिरप्या बसल्या, तरी क्रँक डगमगत फिरतो. लेथवाले याला ‘आउट’ म्हणतात. क्रँक दोन सेंटरमध्ये धरून, डायल गेज लावून, तांब्या-पितळेच्या हातोडीने वेबवर मोजके ठोके देत हा आउट काढतात. साधारण मर्यादा ०.०५ मिमी, पण चांगला कारागीर ०.०२-०.०३ वर आणल्याशिवाय क्रँक सोडत नाही. प्रेस पुष्कळांकडे असतो, हा धीर थोड्यांकडे. क्रँक परत घेताना आउटचा आकडा विचारा. ‘एकदम ओके आहे’ हा आकडा नव्हे.

पैसे वाचवायला लोक नवा पिस्टन घालतात आणि संशयास्पद रॉड तसाच ठेवतात. माझ्या मते ही सर्वांत महागडी बचत. तो रॉड तुटला, तर नवा पिस्टन, नवं बोअर आणि बहुधा क्रँककेसही त्याच्याबरोबर जाते. उलट, वर-खाली प्ले शून्य, फिरणं मऊ आणि बाजूची फट मॅन्युअलच्या आत असेल, तर डुलणाऱ्या रॉडकडे बघून क्रँककेस फोडू नका. खालच्या टोकात ऑइल सोडा, क्रँक हाताने चार-सहा फेरे फिरवा, पिस्टन बसवा. आणि सिलिंडर खाली उतरवण्याआधी ते फडकं आठवणीने काढा.